तीन पिढ्यांचा संत्र्याचा बगीचा हाती घेताना

नाशिककडे द्राक्षाचा मळा असतो, आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा असतो. पण घरातला जाणता माणूस थकला आणि पंप, कात्री व हिशेबाची वही एका सकाळी आपल्या हाती आली, की पुढे काय करायचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो. हे मार्गदर्शन त्या सकाळसाठी आहे. ज्यांना कोऱ्या वावरात पहिल्यांदा लागवड करायची आहे त्यांच्यासाठी पुष्कळ पुस्तिका उपलब्ध आहेत. आजोबांनी लावलेला आणि वडिलांनी जगवलेला बगीचा पुढे कसा न्यायचा, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा लागेल. तीन पिढ्यांचा बगीचा म्हणजे तीन पिढ्यांची झाडे नव्हेत. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत संत्र्याचे झाड पंचवीस ते तीस वर्षे परवडेल असे उत्पन्न देते. चुनखडीच्या किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ते पंधराव्या वर्षापासूनच उतरणीला लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरच्या रघुजी भोसले दुसरे यांनी औरंगाबादेकडून संत्र्याची झाडे आणवली असे सांगितले जाते, आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले; या सव्वादोनशे वर्षांत प्रत्येक बगीचा अनेकदा मोडला गेला आणि अनेकदा नव्याने लावला गेला. त्यामुळे आपल्याला वारशात खरे तर झाडे मिळत नाहीत, तर जमीन, विहीर आणि त्या दोन्हींबद्दल घरात साठलेली माहिती मिळते. यांपैकी तिसरी गोष्ट कुठल्याही सातबाऱ्यावर नसते आणि ती जाणत्या माणसाबरोबर जाते.

पहिले वर्ष: फक्त चालणे आणि लिहिणे

बगीचा हाती आल्यावर पहिल्या वर्षी कोणताही मोठा बदल करू नये, असे माझे ठाम मत आहे. तरुण कास्तकाराला नेमका याच वर्षी सर्वाधिक उत्साह असतो. ठिबक बदलावे, छाटणी करावी, नवी खते आणावीत असे वाटते. तो उत्साह वही लिहिण्यात घालावा.

दोनशे पानांची जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. पहिल्या पानांवर बगीच्याचा नकाशा काढावा: धुरे (बांध), विहीर, पाइपलाइन, उताराची दिशा, आणि ओळीगणिक प्रत्येक झाडासाठी एक खूण. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर एकरी साधारण एकशे दहा झाडे येतात, म्हणजे तीन एकरांचा नकाशा चार पानांत सहज बसतो. प्रत्येक झाडाला ओळीचा आणि जागेचा क्रमांक द्यावा आणि तो खोडावर खिळ्याने न ठोकता गेरूने लिहावा किंवा पत्र्याची चकती सैल सुतळीने बांधावी. खिळ्याची जखम म्हणजे रोगाला उघडे दार.

त्यानंतर वडिलांना, आजोबांना किंवा मोठेबाबांना सोबत घेऊन वर्षातून निदान चार वेळा प्रत्येक ओळीतून चालावे: एकदा ताणाच्या काळात (फुलाआधी पाणी तोडलेले असते तेव्हा), एकदा फुलावर, एकदा भर पावसात आणि एकदा तोडणीच्या आधी. खुर्चीवर बसवून "बाबा, बगीच्याबद्दल सांगा" असे विचारले तर माणूस भाव आणि दुष्काळ सांगतो. झाडापाशी उभा केला की तो त्या झाडाचे सांगतो. माझ्या आजोबांनी तोंडी सांगितलेल्या आणि मी जशाच्या तशा उतरवलेल्या काही नोंदी अशा आहेत: "ओळ ७, झाड ४: खाली खडक आहे, ताण चार दिवस आधी बसतो, पाणी आधी सोडणे." "ओळ ११ पूर्ण: जुना नाला बुजवलेला आहे, श्रावणात इथे पाय रुततो." "ओळ ३, झाड ९: फळ लहान, पण साल पातळ आणि गोडी जास्त, याचा डोळा घेण्यासारखा आहे." (डोळा म्हणजे कलम बांधायला घेतात ती कळी.) यांतली एकही गोष्ट मला वरून पाहून कळली नसती. ओळ अकरामधली झाडे दर सात-आठ वर्षांनी का मरतात, याचा विचार करत मी कदाचित आणखी दोनदा तिथेच कलमे लावली असती.

घरातल्या बायकांना विचारणे बहुतेक जण विसरतात. निंदणाला, फळे वेचायला आणि गळ गोळा करायला वर्षानुवर्षे त्याच वाकलेल्या असतात, त्यामुळे कोणत्या झाडाखाली फळगळ आधी सुरू होते हे आजीला आजोबांपेक्षा नेमके ठाऊक असते. जुना सालदार असेल तर त्यालाही असेच विचारावे, आणि ते गुढीपाडव्याला त्याचे साल संपण्याआधी विचारावे.

जमीन आणि विहीर मोजणे

वहीतली माहिती ही ऐकीव माहिती असते. तिला मोजमापाचा आधार द्यावा लागतो. उन्हाळ्यात बगीच्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाला एकेक मीटर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या भिंती नीट पाहाव्यात. काळ्या मातीखाली मुरूम किती खोलीवर लागतो, मध्ये पांढऱ्या चुनखडीच्या गाठी आहेत का, तळाशी चिकट चोपण थर आहे का, या तीन गोष्टींवर झाडाचे आयुष्य ठरते. मुक्त चुन्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल तर संत्र्याला लोह आणि जस्त नीट मिळत नाही, नवतीची, म्हणजे नव्या फुटीची, पाने पिवळी पडतात, आणि कितीही खत टाकले तरी झाड भुकेलेलेच राहते. मातीचे नमुने कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत तपासता येतात. रासायनिक खताचा डोस शेजाऱ्याला विचारून ठरवू नये, या अहवालावरून ठरवावा. शेणखत मात्र पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला चाळीस-पन्नास किलो द्यावेच.

पाण्याचे मोजमाप जानेवारीत करू नये, कारण जानेवारीत प्रत्येकाची विहीर श्रीमंत असते. ते मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावे. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवून तो किती वेळात भरतो ते पाहावे आणि पंप किती तास चालल्यावर विहीर उपसते ते लिहून ठेवावे. ड्रम एका मिनिटात भरत असेल आणि विहीर दोन तास टिकत असेल, तर आपल्याकडे दिवसाला चोवीस हजार लिटर पाणी आहे. भर उन्हाळ्यात फळांनी लगडलेल्या मोठ्या झाडाला दिवसाला शंभर लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. म्हणजे हे पाणी फार तर दोनशे चाळीस झाडांचे आहे. झाडे तीनशे तीस असतील तर उरलेली नव्वद झाडे कोणाच्या भरवशावर आहेत, हा प्रश्न कागदावर समोर दिसतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यात विहिरी आटल्या, बोअर कोरडे पडले आणि उभे बगीचे वाळले. टँकरने पाणी घालून झाडे जगवण्याचा खर्च ज्यांनी केला त्यांना हा हिशेब आजही तोंडपाठ आहे. पाणी कमी असेल तर आणखी खोल बोअर घेण्याआधी झाडे कमी करण्याचा विचार करावा. हे बोलायला सोपे आणि करायला फार जड आहे, याची मला कल्पना आहे.

ताण: वारशातला सर्वांत नाजूक भाग

संत्र्याला आपल्याकडे मुख्यतः दोन बहार, म्हणजे फुलांचे हंगाम, धरले जातात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास तोडणीला येतात. मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात. आंबियाला संपूर्ण उन्हाळा पाणी हवे, मृगाला पावसाने वेळ पाळायला हवी. एका झाडावर दोन्ही बहार घेण्याचा लोभ धरू नये. असे झाड दोन-तीन वर्षे भरपूर देते आणि मग सलीने (फांद्या शेंड्याकडून मरत) वाळू लागते. मे महिन्यात मोजलेले पाणीच सांगते की आपण आंबिया धरू शकतो की नाही.

फूल येण्याआधी झाडाला पाणी तोडून विश्रांती द्यावी लागते, यालाच ताण म्हणतात. हलक्या जमिनीत सुमारे तीस दिवस, मध्यम जमिनीत चाळीस-पंचेचाळीस आणि भारी काळ्या जमिनीत पंचावन्न-साठ दिवसांपर्यंत ताण लागतो. पण हे आकडे केवळ कुंपणासारखे आहेत. आत झाड काय करते ते पाहावे लागते. आजोबांची रीत अशी होती की दुपारी तीनच्या सुमारास ते दक्षिण बाजूचे पान हातात घेऊन किंचित मुठीत दाबत आणि सोडत. पान पटकन उघडले तर ताण कच्चा. मऊ पडून तसेच राहिले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताठ दिसले, तर ताण बसत आला. आणि सकाळीही पान मिटलेले असून साधारण चौथाई पाने गळली असतील, तर ताण पुरा झाला. यापुढे वाट पाहणे म्हणजे झाडाचा जीव घेणे. भारी जमिनीत ओल हटत नाही तेव्हा क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाची फवारणी सुचवली जाते. तिचे प्रमाण कृषी अधिकाऱ्याला विचारूनच घ्यावे.

ताण तोडण्याचा मी केलेला घोळ इथे सांगणे भाग आहे. ज्या वर्षी बगीचा पूर्णपणे माझ्याकडे आला, त्या जानेवारीत ताण उत्तम बसला होता. वखरणी झाली, खत पडले, आणि झाडांची दया येऊन मी रात्रभर पंप चालू ठेवून आळी तुडुंब भरली. तीन आठवड्यांनी फुलांऐवजी झाडभर हिरवीगार नवती फुटली, आणि जी थोडी फुले आली तीही निम्मी गळाली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी वही मागून घेतली आणि त्यात दोनच शब्द लिहिले: आंबवणी, चिंबवणी. पहिले पाणी, म्हणजे आंबवणी, जमीन जेमतेम ओलावेल इतके हलके द्यायचे. आठेक दिवसांनी दुसरे पाणी, म्हणजे चिंबवणी, त्याहून थोडे अधिक. आणि फुले दिसू लागल्यावर मग नियमित पाणी. हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ते क्रियेचे नाव आहे हे मला ठाऊक नव्हते.

ताणाच्या काळात अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो, आणि त्यावर उपाय नाही. अशा वर्षी अर्धवट फूल येते. जे येते ते सांभाळावे, पुन्हा ताण देऊन झाडाला दुहेरी शिक्षा करू नये.

कोणते झाड राखायचे, कोणते काढायचे

जुन्या झाडाकडे पाहताना आधी बुंध्यापाशी बसावे. जमिनीलगत सालीतून डिंक ओघळलेला दिसला तर तो डिंक्या आहे. तो फायटोफ्थोरा या बुरशीमुळे होतो, आणि बुंध्याशी साचणारे पाणी त्याला पोसते. त्या जागेची माती बाजूला करावी, धारदार चाकूने कुजलेली साल हिरवी-पांढरी निरोगी कड लागेपर्यंत खरवडावी, खरवडलेली साल जमिनीवर न टाकता घमेल्यात गोळा करून जाळावी, जखम एक टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने धुवावी आणि वर बोर्डो मलम लावावे. मलमासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून दोन्ही मिळून दहा लिटर पाणी होईल असे एकत्र करावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नसावीत. हे मलम पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा प्रत्येक झाडाच्या खोडाला एक मीटर उंचीपर्यंत लावण्याची शिस्त ज्या घरांत आहे, त्या घरांचे बगीचे टिकलेले दिसतात. बुंध्याभोवती पाणी साचू नये म्हणून दुहेरी आळे करावे: आतले आळे कोरडे, बाहेरच्या आळ्यात पाणी. भारी जमिनीत दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने चर काढावा.

खोडाचा निम्म्याहून अधिक घेर कुजला असेल तर ते झाड वाचत नाही. बाकी झाडांची छाटणी तोडणीनंतर करावी: वाळलेली सल काढताना तिच्यासोबत हिरव्या भागाचाही दोन सेंटीमीटर तुकडा घ्यावा, कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी आणि कापाला बोर्डो मलम लावावे. मग नकाशावर तीन रंग करावेत: राखायची झाडे, दोन वर्षे पाहायची झाडे आणि काढायची झाडे. काढायच्या झाडांत एखादे आजीने लावलेले निघतेच. आमच्याकडेही होते, ते आम्ही फळासाठी नव्हे तर सावलीसाठी विहिरीपाशी राखले, आणि हिशेबातून वगळले. भावनेचे झाड ठेवू नये असे नाही; पण ते एकच असावे, आणि रोगट असेल तर तेही नसावे.

नवी कलमे लावताना

मेलेल्या झाडाच्या खड्ड्यातच नवे कलम लावणे ही आपल्या भागातली सर्वांत महागडी काटकसर आहे, कारण बुरशी त्याच मातीत बसलेली असते. जमेल तर पूर्ण पट्टा मोकळा करून एक-दोन वर्षे तिथे सोयाबीन-हरभरा घ्यावा, उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी आणि नवे खड्डे जुन्या दोन झाडांच्या मध्ये घ्यावेत. खड्डा पाऊण मीटर लांब, रुंद आणि खोल असावा.

कलम निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. खुंट (ज्या रोपावर डोळा बांधतात तो) कोणता, हे आधी विचारावे: जंबेरीवर झाड जोमाने वाढते, पण ती मूळकुजीला लवकर बळी पडते, रंगपूर लिंबू भारी, चुनखडीच्या आणि कमी पाण्याच्या जमिनीत अधिक तग धरतो. दुसरे म्हणजे डोळा जमिनीपासून वीस-पंचवीस सेंटीमीटर उंचीवर भरलेला असावा, आणि लावताना तो जोड कधीही मातीखाली जाऊ देऊ नये. तिसरे, कलम निर्जंतुक मातीच्या पिशवीतले असावे. शेंदुरजनाघाटच्या परिसरात रोपवाटिका पुष्कळ आहेत आणि चांगल्याही आहेत. पण खरेदीच्या आधी स्वतः जाऊन मातृवृक्ष पाहावा. एकदा आम्ही स्वस्त मिळतात म्हणून वाफ्यातून उपटलेली दोनशे कलमे आणली होती; पाच वर्षांनी फळ धरल्यावर कळले की त्यांतल्या चाळीसेकांचे डोळे कधीच मेले होते आणि आम्ही इतकी वर्षे प्रेमाने जंबेरीच वाढवत होतो. लागवडीच्या खर्चासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेची आणि रोजगार हमीची चौकशी कृषी सहायकाकडे पावसाळ्यापूर्वीच करावी.

एकाच वर्षी सगळा बगीचा बदलू नये. तिसरा हिस्सा काढावा, तो फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात, मग पुढचा हिस्सा घ्यावा. घराचे उत्पन्न तुटत नाही आणि बगीच्यात नेहमी तीन वयाची झाडे राहतात.

व्यापाऱ्याशी बोलताना

बगीचा फुलावर विकावा की फळ पिवळे झाल्यावर, याचे एकच उत्तर नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून भावाचा अंदाज बांधणे आणखी कठीण झाले आहे. मात्र सौदा तोंडी ठेवू नये. एका मोसमात आमच्या बगीच्याचा इसार देऊन गेलेला व्यापारी भाव पडल्यावर फिरकलाच नाही, आणि फळे झाडावर पोला पडेपर्यंत (साल सुटून पोकळ होईपर्यंत) आम्ही त्याची वाट पाहिली. तोडणीची अखेरची तारीख, गळ कोणाच्या अंगावर, चुरीचा (बारीक फळांचा) भाव, आणि तारीख उलटल्यास इसार जप्त, एवढे चार मुद्दे कागदावर घ्यावेत.

कागद आणि वाटणी

वारस नोंद वेळेत करून घ्यावी, फेरफार तपासावा, आणि ई-पीक पाहणीत संत्रा व विहीर यांची नोंद दरवर्षी स्वतः करावी. नोंद नसेल तर फळपीक विमा आणि नुकसानभरपाई मिळवताना अडचण येते. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची घाई करण्यापूर्वी तिच्याशी मोकळेपणाने बोलावे. एखाद्या बहिणीला जमीन नको असते, पण दरवर्षी फळाचा हिस्सा हवा असतो, आणि तसे लिहून ठेवता येते.

सर्व वारसांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून वाटणी होऊ शकते. बगीच्याची वाटणी गुंठ्यांवर करू नये, ही माझी विनंती आहे. एक एकर वरचा मुरमाड आणि एक एकर खालचा चिबड (पाणी साचणारा) यांचे क्षेत्र सारखे, पण मोल सारखे नाही. खड्ड्यांच्या नोंदी आणि तीन रंगांचा नकाशा समोर ठेवूनच हिस्से पाडावेत. विहीर कोणाच्याही हिश्श्यात गेली तरी पाण्याची पाळी, वीजजोडणी कोणाच्या नावावर, पाइप कोणत्या धुऱ्यावरून जाईल आणि बंडी किंवा ट्रॅक्टर कोणत्या वाटेने जाईल, हे सगळे वाटणीपत्रात असावे.

आमची विहीर आजोबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर खोदली. वाटणीत तिची पाळी अशी ठरली: सोमवार ते बुधवार मोठ्या काकांची, गुरुवार ते शनिवार आमची. रविवारी पंप बंद, कारण त्या दिवशी विहिरीला पाझरू द्यायचे असते. हा रविवार आजोबांच्या काळापासून आहे. वकिलांनी तो खोडायला सांगितला होता, पण दोन्ही घरांनी सह्या करण्यापूर्वी तो पुन्हा लिहून घेतला.